चेलोकाकांची खुर्ची

खर्जातली पांढरी चार मध्यम जोराने दाबली, की सूर उमटायच्या आधी एक खुर्ची करकरते. साधारण अर्धा सेकंद आधी. हळू दाबली तर करकरत नाही, जोरात दाबली तरीही नाही. मी हे बावीस वेळा करून पाहिलंय. बावीसच्या बावीस वेळा ती मध्यम जोरालाच करकरली.

ही खुर्ची माझ्या घरात नाही. कुठल्यातरी लांबच्या शहरात, एका मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये, एक गृहस्थ चेलो घेऊन बसले होते. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिन. त्यांनी त्याचा एकेक सूर वाजवला, आधी हळू, मग मध्यम, मग जोरात, आणि समोरच्या माइकने तो टिपला. असेच बासरीचे, तुतारीचे, नगाऱ्यांचे सूर आणखी कुणी कुणी वाजवले. ते सगळे एका डबीत भरले गेले आणि ती डबी आता माझ्या कम्प्युटरात आहे. कम्प्युटरला पेटीसारख्या पट्ट्या जोडलेल्या आहेत; मी पट्टी दाबते, ते वाजवतात. चेलोवाल्या गृहस्थांनी त्या एका सुराच्या वेळी जरा बूड हलवलं, आणि ते काढून टाकायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्यांना चेलोकाका म्हणते.

माझ्या लक्षात आलं, कारण लक्षात येणं हे माझं कामच आहे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं आहे. बाटलीभर पाण्यात चिमटीच्या हजाराव्या भागाइतकं काही भलतं असेल, तर मी ते शोधून काढते. एकोणीस वर्षांत माझ्या वहीत एकही खाडाखोड नाही! तेव्हा मी वर्षभर घरात नव्वद माणसांचा वाद्यवृंद लपवून ठेवला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही, यात नवल ते काय? असं मला वाटत होतं. त्या शुक्रवारपर्यंत.

लपवला का, तेही सांगते. आमच्या घरात काहीही सुरू केलं की रोज चौकशी होते. चार वर्षांपूर्वी मी नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. "कुठवर आलं?" रोज संध्याकाळी! एक बाही झाल्यावर मी सुया ठेवून दिल्या. ती बाही नवऱ्याने जपून ठेवलीय. थंडी पडली की तो ती एका हातात चढवतो आणि माझ्यासमोरून फेऱ्या मारतो, तोंडातून अक्षर न काढता. त्यामुळे संगीताच्या बाबतीत मी ठरवलं, पूर्ण होईपर्यंत अळीमिळी गुपचिळी. रोज साडेपाच ते सव्वासात मागच्या लहान खोलीचं दार लावून घ्यायचं, कानांवर हेडफोन चढवायचे. घरच्यांना सांगितलेलं, "लॅबचे अहवाल लिहितेय."

घरचे म्हणजे दोघंच. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. जगातली कुठलीही अडचण एकतर सैल झालेली असते, नाहीतर कोरडी पडलेली असते, असं त्याचं ठाम मत आहे. सैल असेल तर पाना, कोरडी असेल तर तेल. आणि सासूबाई. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. गावोगावच्या कॉलच्या तारा त्यांनी हातांनी जोडल्या आणि दर तीन मिनिटांनी मधे तोंड घालून विचारलं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?" निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. माझी बहीण फोनवर रडत असली तरी तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज येतोच, "तीन मिनिटं झाली!"

त्यांचे कान म्हणजे आमच्या लॅबमधल्या सगळ्यात नाजूक यंत्राची थोरली बहीण. पलीकडचा माणूस नुसता श्वास घेऊन गप्प राहिला, तरी त्या सांगायच्या: पुरुष, पन्नाशीचा, अंगाने जाड, खोटं बोलायच्या तयारीत.

अशा बाईच्या घरात मी वाद्यवृंद लपवला होता. माझा आत्मविश्वास बघा!

एका तळ्यावर माहितीपट करणारे दिग्दर्शक पाण्याचे नमुने घेऊन आमच्या लॅबमध्ये आले होते. बोलता बोलता मी त्यांना माझी एक रचना ऐकवली. एवढी धीट मी कशी झाले, कोण जाणे! त्यांनी तळ्याचं संगीत माझ्यावर सोपवलं. मग म्हणाले, "पुढे नदी आहे, समुद्र आहे. पण मला पूर्ण वेळ माणूस हवं. येताय का?"

मी म्हटलं, "कळवते."

याला आठ महिने झाले. त्यांनी पाच वेळा विचारलं, मी पाच वेळा "कळवते" म्हटलं. राजीनामा मी कधीच लिहून ठेवला होता, टेबलाच्या खणात. तारखेची जागा तेवढी कोरी. दर महिन्याच्या एक तारखेला मी खण उघडायची, कोऱ्या जागेकडे बघायची आणि खण बंद करायची. इतक्या काटेकोरपणे मी लॅबमध्येही कधी काम केलेलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "येत्या शुक्रवारी चारला फोन करतो. हो किंवा नाही, तेव्हा सांगायचं. त्याआधी तळ्याचं संगीत पूर्ण करून पाठवा. आणि एक सांगू का? तुमचं संगीत फार स्वच्छ आहे. दवाखान्यातल्या फरशीसारखं! त्यात माणसं कुठायत?"

मला ते झोंबलं. तळ्याचा खोल तळ मी सिंथेसायझरवर केला होता. तो स्वच्छ असणारच, त्या यंत्राला ना फुप्फुस, ना बूड. पण वरची नव्वद माणसं तर खरी होती! मग आठवलं, की त्या डबीत 'वादकांचे आवाज' नावाचं एक बटण आहे आणि मी ते पहिल्या दिवशीच शून्यावर नेऊन ठेवलंय. चेलोकाकांची खुर्ची तेवढी सुरालाच चिकटलेली असल्यामुळे वाचली होती. मी बटण सत्तरवर नेलं. झालं! बासरीवाली श्वास घ्यायला लागली. व्हायोलिनवाल्यांनी पानं उलटली. तुतारीवाले खाकरले. खुर्च्या सरकल्या. हेडफोनमध्ये नीट अंदाज येईना, म्हणून रविवारी संध्याकाळी मी ते स्पीकरवर लावलं, अगदी हळू. संगीत बंद ठेवलं आणि नुसते श्वास, खुर्च्या, पानं आणि खाकरणं तपासलं. पावणेदोन तास.

सोमवारी सकाळी चहा पिताना सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या त्या खोलीत खुर्च्या किती आहेत गं?"

"एक."

"हं."

सासूबाईंच्या 'हं'चे बरेच प्रकार आहेत. हा 'नंबर चुकीचा सांगताय' यातला होता.

"का हो आई?"

"सहज." मग बशी पुसत पुसत, "अहवाल लिहिताना पानं फार उलटावी लागत असतील, नाही?"

"पानं कुठली? कम्प्युटरवर लिहिते मी."

"हं!"

जिच्या नजरेतून काही सुटत नाही ती मी, आरामात चहा पीत बसले.

संध्याकाळी घरी येऊन बघते तर नवरा माझ्या खोलीत. माझी खुर्ची उलटी करून तो तिच्या चारही पायांत तेल सोडत होता.

"हे काय?"

"आई म्हणाली, करकरते."

"माझी खुर्ची? मुळीच नाही."

"आता नाहीच करकरणार," तो म्हणाला आणि बुधली घेऊन निघून गेला.

मी दार लावलं, पुन्हा स्पीकरवर तपासणी केली. सव्वासातला दार उघडलं, तर बोळात नवरा उभा. हातात तेलाची बुधली, चेहरा दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा.

"करकरली," तो म्हणाला.

"काय करकरली?"

"काही नाही."

त्याने काय हिशेब मांडला होता, ते मला नंतर कळलं. तेल घातलेली खुर्ची करकरत नाही. खुर्ची तर करकरली. म्हणजे ती दुसरी खुर्ची. दुसऱ्या खुर्चीवर दुसरं माणूस! शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते, या तर्कात मला अजूनही चूक सापडलेली नाही.

मंगळवारी सहा वाजता सासूबाईंनी दार वाजवलं. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे दोन कप.

"दुसरा कुणाला आई?"

"असू दे. लागला तर."

ट्रे ठेवताना त्यांनी दाराच्या मागे बघितलं, टेबलाखाली बघितलं, पडद्याच्या खालच्या काठाशी बूट दिसतात का तेही बघितलं. मला वाटलं, जळमटं शोधतायत. चहा वाया कशाला घालवायचा, म्हणून मी दोन्ही कप प्यायले. घाईत दोन थेंब पट्ट्यांवर सांडले. अर्ध्या तासाने त्या ट्रे न्यायला आल्या.

"दोन्ही संपले?"

"हो."

"हं!" असा 'हं' मी लग्नाच्या सोळा वर्षांत ऐकला नव्हता.

संगीत त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला हार्पचा एक सूर भरायचा राहिला होता. हार्प म्हणजे मोठ्या धनुष्यासारखं तारांचं वाद्य, बोटं फिरवली की पाण्यासारखं झुळझुळतं. ते निवडलं, टिपून घ्यायचं लाल बटण दाबलं, आणि नेमका लॅबचा फोन! नमुन्यांच्या फ्रिजने बोंब ठोकली होती. खोलीत फोनचा आवाज तुटत होता, म्हणून हेडफोन टेबलावर टाकून मी जिन्यात धावले. तीन मिनिटांत परत आले. लाल बटण चालूच. ते बंद केलं, सूर आता राहू दे म्हटलं, आणि पाठवून दिलं.

न ऐकता! शेवटची तपासणी न करता मी एकोणीस वर्षांत एक बाटली कुणाच्या हातात दिलेली नाही.

बुधवारी संध्याकाळी कौतुकाने ऐकायला बसले. तळ्याचा तळ छान. चेलोकाका छान. तीन मिनिटं बारा सेकंद, आणि अचानक हार्प! वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरररर! दोन सेकंद शांतता. मग खालून वर सरररर! पुन्हा वरून खाली, या वेळी जरा घासून. आणि शेवटी एकाच सुरावर टक, टक, टक. हट्टाने.

हे मी वाजवलेलं नव्हतं! संगीताचा गंध नसलेल्या, पण स्वतःवर पूर्ण विश्वास असलेल्या कुणीतरी हे वाजवलं होतं. मी तातडीने दिग्दर्शकांना लिहिलं, "चुकून वेगळी प्रत आली आहे. कृपया ऐकू नये." तासाभराने उत्तर आलं, "ऐकलं. शुक्रवारी बोलू."

तीन शब्द. मी ते प्रयोगशाळेतल्या काचेखाली ठेवल्यासारखे उलटसुलट करून पाहिले. एकाही बाजूने बरे दिसेनात.

म्हणजे घातपात! पण कुणाचा? नवऱ्याचा नव्हे. तो बटण एकदाच दाबतो आणि दार उघडायची वाट बघतो. सासूबाईंचा तर नाहीच. फोन सोडला तर त्या कुठल्याही यंत्राला हात लावत नाहीत. टीव्हीसुद्धा कुणी लावून दिला तर बघतात. उरला कोण? दिग्दर्शकांचा आधीचा संगीतकार! मी त्याला कधी बघितलं नव्हतं, पण तो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आत येतो, याबद्दल माझी बुधवारी रात्रीच्या जेवणापर्यंत खात्री पटली.

मी शास्त्रशुद्ध सापळा लावला. गुरुवारी सकाळी सगळ्या पट्ट्यांवर अंगाला लावायच्या पावडरचा पातळ थर पसरला, ठसे उमटावेत म्हणून. राजीनाम्याच्या खणावर पांढरा दोरा ताणून चिकटवला. संध्याकाळी येऊन बघते, तर पावडरचा एक कण नाही! पट्ट्या आरशासारख्या लखलखीत. दोरा सोडवलेला, नीट गुंडाळी करून पेनांच्या भांड्यात ठेवलेला. खणातला राजीनामा जागेवर होता, पण माझ्यापेक्षा सरळ घडी घातलेला.

माझी पाचावर धारण बसली. ठसे पुसून जाणारा चोर! किती सराईत! किती नीटनेटका!

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. सासूबाई दीड ते तीन झोपतात, घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमाने. एक चाळीसला मी घराचं कुलूप आवाज न करता उघडलं, चपला बाहेर न ठेवता पिशवीत कोंबल्या, चवड्यांवर चालत मागच्या खोलीत गेले. चोराने पट्टीला हात लावताच आवाज व्हावा, म्हणून हेडफोनची वायर काढून स्पीकर पूर्ण मोठे केले. मग कपाटात शिरले. आत जुनी ब्लँकेटं आणि नेमका पावडरचा उघडा डबा. दाराला बोटभर फट ठेवली.

दोन वाजून पाच मिनिटांनी बाहेरून सासूबाईंचा दबका आवाज आला. फोनवर बोलत होत्या.

"अरे, आत्ताच्या आत्ता ये! आलाय तो! ती कामावर आणि हा किल्लीने दार उघडून आत शिरलाय! नाही, बाहेर चपला नाहीत. हातात घेऊन गेला असणार. मुरलेला आहे!"

चोर घरात शिरला होता! सासूबाईंनी त्याचा आवाज ऐकला होता! आता तो कुठल्याही क्षणी या खोलीत येणार! मी श्वास रोखून त्याची वाट बघत राहिले. तो म्हणजे मीच, हे लक्षात यायला एकोणीस वर्षांचा अनुभव कमी पडला.

पंचवीस मिनिटांनी दार धाडकन उघडलं. पुढे नवरा, हातात कामावरचा सगळ्यात मोठा पाना. मागे सासूबाई, हातात पिवळं फडकं.

"कुणी नाहीये आई."

"आहे. श्वास ऐकू येतोय."

तो माझा होता. मी तो आणखी रोखला.

"बाहेर या मुकाट्याने!" सासूबाई कडाडल्या. "पोलिसांना फोन केलाय!"

"केलास?"

"गप्प बस रे! करणार आहे."

त्या दोन पावलं पुढे आल्या, पडद्यामागे डोकावायला वाकल्या आणि तोल सावरायला त्यांनी पट्ट्यांवर हात टेकला. मध्यम जोराने. खर्जातल्या पांढऱ्या चारवर.

कर्रर्र! आणि पाठोपाठ पोटातून आल्यासारखा सूर.

"हाच! हाच तो!" सासूबाई ओरडल्या.

नवऱ्याने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. जराही हललेली नाही. मग त्याने पट्टीकडे बघितलं. सावकाश एक बोट पुढे केलं. कर्रर्र! पुन्हा दाबलं. कर्रर्र! आयुष्यभर एकदाच बटण दाबणाऱ्या माणसाने ते सहा वेळा दाबलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "खुर्ची या पेटीत आहे."

सासूबाई मागे सरकल्या, त्यांचं कोपर कम्प्युटरवर पडलं आणि माझं संगीत सुरू झालं. पूर्ण मोठ्या आवाजात. आधी संगीत नाहीच. सुरुवातीला मी वादक स्थिरस्थावर होतात तेवढी दहा सेकंद ठेवली होती, माणसं दिसावीत म्हणून. नव्वद जणांनी खुर्च्या सरकवल्या. नव्वद जणांनी पानं उलटली. तुतारीवाले तिघं एकदम खाकरले. मग सगळ्यांनी मिळून एक खोल श्वास घेतला.

"एवढे जण!" सासूबाई भिंतीला टेकल्या. "मला वाटलं होतं एकच आहे!"

आणि मला पावडरची शिंक आली. मी ती दाबली. शिंका दाबल्या की जास्त वाईट आवाज येतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

नवऱ्याने पाना उगारला. सासूबाईंनी बोट वर केलं.

"थांब. बाई आहे. चाळिशीची. दाबून शिंकायची सवय." मग क्षणभर थांबून, "अरे, ही तर आपलीच आहे."

कपाट उघडलं. मी ब्लँकेटांवर उकिडवी बसलेली, नाक पांढरं, मांडीवर चपलांची पिशवी.

"तू इथे काय करतेस?"

"चोर पकडतेय."

"आम्हीपण!" दोघं एकदम म्हणाली.

मग उलटतपासणी झाली. सासूबाईंनी वही आणली. टापटिपीत ती माझ्या लॅबच्या वहीपेक्षा कमी नव्हती. "रविवार, सहा दहा. खाकरणे. पुरुष, बहुधा तीन वेळा तोच. सहा चौदा, खुर्ची. सहा वीस, पानं. सोमवार, तेल घालूनही खुर्ची. मंगळवार, चहा दोन कप, दोन्ही रिकामे." वही मिटून त्या म्हणाल्या, "राजीनामा लिहून ठेवलायस, त्यावर तारीख नाही. दार लावून घेतेस. आत कुणीतरी बसतो आणि माझ्या हातचा चहा पितो. मी काय समजायचं गं?"

"आई, तुम्ही माझा खण उघडलात?"

"धूळ पुसताना. खणात काय धूळ नसते?"

"आणि पट्ट्यांवरची पावडर?"

"पावडर काय नि काय! वापरतेस तर पुसत जा. मंगळवारी तर चहाचा डाग वाळला होता. तू जिन्यात गेलीस म्हणून बघायला आत आले, तर हा डाग. घासघासून काढावा लागला."

माझ्या डोक्यात काहीतरी टकटकलं. "मंगळवारी किती वाजता?"

सासूबाईंनी पान उलटलं. "सहा अठ्ठावन्न ते सात एक."

पिवळं फडकं. वरून खाली, सरररर. खालून वर, सरररर. आणि वाळलेला डाग, टक, टक, टक. मी मटकन खुर्चीवर बसले. ती करकरली नाही.

सगळं सांगावंच लागलं. डबीतले नव्वद, चेलोकाका, तळं, दिग्दर्शक, आठ महिन्यांचं "कळवते". त्यांना पूर्ण ऐकायचं होतं. मी लावलं. पूर्ण सात मिनिटं. सासूबाईंनी तर "तीन मिनिटं झाली"सुद्धा म्हटलं नाही. डोळे मिटून बसल्या होत्या. हार्पचा प्रकार आला, तेव्हा त्यांनी हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि ते हळूच पाठीमागे लपवलं.

"बिघडवलं का गं मी?" एवढंच म्हणाल्या.



नवरा स्पीकरकडे बघत होता. "हे तू पूर्ण केलंस?"

"हो."

"दोन्ही बाह्या?"

"हो रे."

"हं," तो म्हणाला. असा 'हं' त्याच्याकडेही असतो, हे मला नवीन होतं.

त्यांनी ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. आणि बरोबर चारला फोन वाजला. मी हात पुढे करायच्या आत सासूबाईंनी तो उचलला, सराईत अंगठ्याने स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"अहो!" दिग्दर्शक जवळजवळ ओरडलेच. "ते तीन मिनिटांनंतरचं! तळ्यावरून वारा येतो, परत जातो, पुन्हा येतो, आणि शेवटी ते थेंब! टक, टक, टक! किती वेळा ऐकलं मी! मी म्हणत होतो ना, माणूस कुठाय? हा इथे आहे! कसं सुचलं तुम्हाला?"

खोलीत टाचणी पडली असती तर सासूबाईंनी तिची लांबी सांगितली असती.

'सुचलं' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द! पण दुसऱ्याच्या बाटलीवर मी आजवर माझी सही केलेली नाही.

"ते माझं नाही," मी म्हटलं. "माझ्या सासूबाई धूळ पुसत होत्या."

पलीकडून प्रश्न आला.

"आणि ते थेंब?"

सासूबाई फोनशी वाकल्या. "चहाचा डाग होता. निघत नव्हता."

मग पलीकडून हसण्याचा असा काही स्फोट झाला, की नवऱ्याने पाना हातात घेतला. बऱ्याच वेळाने दिग्दर्शकांना बोलता आलं. "बाकीचं तरी तुमचं ना?"

"बाकी सगळं माझं."

"मग डागासकट घेतो. आता सांगा. येताय का?"

माझ्या तोंडात 'क' तयार झाला. कळवते मधला 'क'. आठ महिन्यांच्या सरावाने तो आपोआप जिभेच्या मागे येऊन बसतो. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने 'कुठवर आलं' असं विचारलं नाही. सासूबाईंनी खण ओढला, सरळ घडीचा कागद उलगडला, माझ्यासमोर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि कोऱ्या जागेवर बोट. मी त्या जागेकडे बघितलं. महिन्याची एक तारीख नव्हती, तरीही बघितलं. घड्याळ चालू होतं. दिग्दर्शक श्वास घेत होते. पुरुष, पंचेचाळिशीचा, धीर सुटत आलेला.

सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, फोनच्या दिशेने मान वळवली आणि बत्तीस वर्षांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचे का?"

"नको," मी म्हटलं. "लॅब सोडतेय मी. येते."